दोष कुणाच्या टोकाला?

काकांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिसऱ्यांदा तुटला आणि वादाला तोंड फुटलं. पलीकडे त्यांची मुलगी, जर्मनीत. अलीकडे काका, कट्ट्याच्या डाव्या टोकाला, कारण आमच्या कट्ट्यावर धड रेंज तिथेच येते. उजवीकडे बसलेल्याला फोन आला की तो चार जणांच्या गुडघ्यांवरून वाट काढत डावीकडे जातो आणि काम झालं की तसाच परत येतो. आज काका आधीपासून डावीकडेच बसले होते, तरी हे असं. "अगं, तुझं अर्धंच वाक्य येतंय," असं ते दोनदा ओरडले. मग स्क्रीनवर 'रीकनेक्टिंग' आलं, आणि मग तेही गेलं.

"आपल्याकडचं नेटवर्क म्हणजे ना," हेर सुरू झाला. त्याला आम्ही हेर म्हणतो ते हेरगिरीमुळे नाही. जर्मन भाषेत हेर म्हणजे श्रीयुत. हा सहा वर्षं स्टुटगार्टला राहून आला आणि आल्यावर दोन महिने त्याचं प्रत्येक वाक्य 'तिकडे'ने सुरू व्हायचं.

"थांब," टॉवऱ्या म्हणाला. तो टॉवरच्या देखभालीचं काम करतो. "दोष आपल्याच टोकाला आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"मग काय जर्मनीचा असणार?"

"का नसणार?" मुग्धा म्हणाली. ती आणि तिचा नवरा अमेरिकेत तीन वर्षं काढून आलेत. "आम्ही यलोस्टोनला गेलो होतो तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून घे असं चार जणांनी बजावलं होतं. पार्कात शिरलो आणि फोन म्हणजे नुसतं घड्याळ झालं. हॉटेलवाल्याला उशीर होतोय हे कळवायला पार बाहेर येईपर्यंत थांबावं लागलं."

"ते जंगल झालं."

"बरं, तुझ्या जर्मनीत शेतातनं जाताना काय व्हायचं ते सांग की."

हेर गप्प बसला, आणि हेर गप्प बसतो तेव्हा काहीतरी असतं. शेवटी त्याने कबूल केलं की जर्मनमध्ये 'फुंकलोख' असा चक्क शब्द आहे. फुंक म्हणजे रेडिओ, लोख म्हणजे भोक. जिथे सिग्नल नाही अशी जागा. आपल्याकडे 'रेंज नाही' ही तक्रार असते, तिकडे तिला नाम मिळालंय. शब्द रुळायला गोष्ट किती रोजची असावी लागते बघा. आगगाडीत तर बोलायलाच नको, म्हणाला. डब्यांच्या काचांना ऊन आत येऊ नये म्हणून धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही आत येऊ देत नाही. आता म्हणे लेझरने त्या थरात बारीक बारीक रेघा कोरतात, सिग्नलला वाट मिळावी म्हणून.

"म्हणजे श्रीमंत देशात काचेला भोकं पाडून रेंज आणतात," टॉवऱ्या खूश झाला. "आणि हे असं का झालं माहितीये? २००० साली त्यांच्या सरकारने थ्रीजीच्या लहरींचा लिलाव केला. सुमारे पन्नास अब्ज युरो आले. कंपन्यांचा पैसा हवा विकत घेण्यातच गेला, टॉवर कशाने उभे करणार?"

"आपल्याकडे काय फुकट वाटल्या?"

"फुकट कुठल्या! २०१० मध्ये थ्रीजीला सदुसष्ट हजार कोटींच्या वर मोजले, २०२२ मध्ये फाइव्हजीला दीड लाख कोटी. पण आपल्याकडे माणसं दाटीने राहतात. एक टॉवर टाकला की हजारो गिऱ्हाइकं. त्यांच्या डोंगरात टॉवर टाकला तर खाली तीन गाई आणि एक म्हातारी."

हे ऐकून काकांनी फोन खिशात ठेवला. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे असल्या विषयात त्यांना उशिरा शिरायचा हक्क आहे. "तुम्ही सगळे रेंजचं बोलताय. आम्ही पैशाचं बोलायचो. ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्यातून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. फोन वाजला की माणूस आधी नंबर बघायचा, मग खिसा, मग कट करून समोरच्या पीसीओवर जायचा."

इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. मग मिस्ड कॉलची भाषा आली: एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये. मुग्धा म्हणाली, अमेरिकेत ही भाषा जन्मालाच आली नसती. तिथे मोबाइलचा नंबर घरच्या फोनसारखाच दिसतो, तोच शहराचा कोड. फोन करणाऱ्याला पलीकडे मोबाइल आहे की भिंतीवरचा, हे कळायला मार्ग नाही, मग त्याच्याकडून जादा पैसे कसे घेणार? म्हणून उचलणाऱ्याचीही मिनिटं खर्ची पडायची, कितीतरी वर्षं. आपल्याकडे सुरुवातीच्या नऊच्या आकड्यावरूनच कळायचं की हा मोबाइल आहे. नंबर कसा दिसतो एवढ्यावर दोन देशांच्या सवयी ठरल्या. मला हा त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा मुद्दा वाटला, पण कट्ट्यावर मोलाच्या मुद्द्याला दाद मिळत नाही. लगेच हेर म्हणाला, "पण युरोपात रोमिंगच नाही."

हे खरं आहे. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये कुठल्याही देशात जा, घरचाच दर. लिस्बनला उतरा नाहीतर हेलसिंकीला.

"आणि आपण," काका म्हणाले, "मुंबईचं सिम घेऊन कल्याणच्या पुढे गेलो की 'वेलकम टु महाराष्ट्र' असा मेसेज यायचा. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला!" ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल, म्हणजे वेगळा विभाग आहे, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्याला जोडलेला. मुंबई, नवी मुंबई, कल्याण संपलं की परदेश. रोमिंगचे पैसे पडतील म्हणून घाट चढताना लोक फोन उचलायचे नाहीत. आता ते राहिलं नाही, पण काश्मीरला प्रीपेड सिम घेऊन गेलात तर ते अजूनही मुकं होतं, तिथे बाहेरचं पोस्टपेडच लागतं.

"हेर, तुझा कॉन्स्टान्झचा किस्सा सांग," मुग्धा म्हणाली. तो सांगायला तयार नव्हता, म्हणून तिनेच सांगितला. कॉन्स्टान्झ हे तळ्याकाठचं जर्मन गाव, स्वित्झर्लंडला चिकटलेलं. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. साहेब जर्मनीच्या बाजूलाच बाकावर बसून आईला तळं दाखवत होते, आणि फोनने पलीकडचा स्विस टॉवर पकडला. बावन्न युरो. देश न सोडता परदेशवारी.

"तेवढंच नाही," आता हेरलाही कंठ फुटला, कारण स्वतःच्या नुकसानीची गोष्ट दुसऱ्याने सांगितली की ती अपुरीच वाटते. त्याने तिकडे दोन वर्षांचा करार केला होता. संपायच्या तीन महिने आधी बंद करा असं लेखी कळवायचं, नाहीतर आणखी एक वर्ष आपोआप पुढे. त्याने ईमेल केली. उत्तर आलं, सहीचं पत्र पाठवा. त्याने पत्र लिहिलं, तिकीट लावलं, टाकलं, आणि ते चार दिवस उशिरा पोचलं. वापरत नसलेल्या सिमचे बारा महिने पैसे. तिकडचा कायदा २०२१ च्या डिसेंबरपासून बदलला, मुदत संपल्यावर आता महिन्याच्या नोटिशीने सुटता येतं. पण याचे पैसे त्याआधीच गेले होते.

आपल्याकडे पोर्ट आणि पुढे आपला नंबर असा एसएमएस १९०० वर धाडायचा, कोड येतो, दुसऱ्या कंपनीत जायचं, नंबर तोच. २०११ च्या जानेवारीपासून देशभर ही सोय आहे. या बाबतीत आपण बरे, हे हेरनेही मानलं.

मग अठ्ठावीस दिवस निघाले. ते निघणारच होते. महिना तीस दिवसांचा, रिचार्ज अठ्ठावीसचा. अठ्ठावीस तेरा तीनशे चौसष्ट, म्हणजे वर्षाला तेरावा रिचार्ज हळूच काढून घेतलेला. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सांगितलं की निदान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवा. आम्ही कंपन्यांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. आणि हेर म्हणाला, "तिकडेही प्रीपेड चार आठवड्यांचंच असतं." कट्टा दोन सेकंद शांत. लबाडी आपलीच खास नाही हे कळल्यावर माणसाला जरा रितं वाटतं.

पण स्वस्तपणाचं काय? मुग्धाच्या अमेरिकेत एका लाइनला महिन्याला पन्नास-साठ डॉलर, वर कर. इथे २०१६ च्या आधी एक जीबीला अडीचशे रुपये मोजायचो आणि तो महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो. आता दिवसाला दीड जीबी, आणि रात्री बाराच्या आत संपवायचा म्हणून लोक झोप मोडून काहीबाही बघतात. भारतात माणशी महिन्याला वीस जीबीच्या वर डेटा लागतो.

"आणि म्हणूनच काकांचा कॉल तुटतो," टॉवऱ्या म्हणाला. "स्क्रीनवर रेंजच्या दांड्या चार दिसतात ना? दांड्या म्हणजे टॉवर तुम्हाला दिसतोय, एवढंच. मोकळा आहे असं नाही. स्टँडवर एसटी लागलेली दिसते, म्हणजे बसायला जागा आहे का? संध्याकाळी साडेआठला सगळी कॉलनी एकाच एसटीत."

इतक्या वर्षांत दांड्यांचा अर्थ मला असा कुणी समजावून दिला नव्हता. माझं आणि माझ्या मोबाइल कंपनीचं भांडण याच दांड्यांवरून झालं होतं. मागच्या पावसाळ्यात वडिलांना रात्री दम लागला, डॉक्टरांना फोन लावतोय, दांड्या पूर्ण, आणि कॉल लागतच नाही. स्कूटर काढून गेलो. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्या विभागात नेटवर्क उत्तम आहे." यलोस्टोनमध्ये मुग्धाच्या फोनने निदान खरं सांगितलं होतं. माझं मत तेव्हापासून हेच आहे की रेंज नसण्यापेक्षा खोटी रेंज वाईट. नसली तर माणूस आधीच पायात चपला घालतो.

"कॉल तुटला की रुपया मिळणार होता ना?" मी विचारलं.

"२०१५ मध्ये ट्रायने काढलं होतं तसं. तुटलेल्या कॉलला एक रुपया, दिवसाला तीनपर्यंत. सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी मे महिन्यात रद्द केलं," टॉवऱ्या म्हणाला. "पण तुम्हीही सरळ नाही. टॉवरमधून निघणाऱ्या लहरींची मर्यादा आपण २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. ठीक, काळजी घेतली. मग तेवढ्याच भागाला टॉवर जास्त लागणार की नाही? तर टॉवर आमच्या गच्चीवर नको, शेजारच्या सोसायटीवर टाका. शेजारची म्हणते तुमच्यावर टाका. परवा एका ठिकाणी मोर्चा काढून टॉवर उतरवला, आणि महिन्याने त्याच चेअरमनचा मला फोन, रेंज का येत नाही म्हणून. तोही फोन मधेच कट झाला."

मुग्धाने मग तिच्या आईची गोष्ट सांगितली. आई इथलंच सिम रोमिंगवर घेऊन तिच्याकडे आली होती. समोरच्या दुकानाचा रस्ता बघायला नकाशा उघडला तरी चक्र फिरत राहायचं. रोमिंगमध्ये डेटा आधी घरच्या कंपनीकडे जातो आणि तिथून जगात निघतो. म्हणजे रस्त्यापलीकडचं दुकान अमेरिकेतून भारतात जाऊन परत येत होतं. पण ते सिम काढायची सोय नव्हती, बँकेचा ओटीपी त्याच्यावर. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात एक जुना फोन असा सापडतो, चार्जरला कायमचा लावलेला. तो फोन नव्हे, ओटीपीचा देव्हारा. रिचार्जचा दिवा विझू द्यायचा नाही, नाहीतर नंबर दुसऱ्याला जातो.

"मग ठरलं काय?" काकांनी विचारलं. "आपलं चांगलं की त्यांचं?"

"स्वस्त आपलं," हेर म्हणाला.

"मला नऊला लागायला हवं," काका म्हणाले. "ती कामावरून निघते तेव्हाच बोलते."

इतक्यात त्यांचा फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. टॉवऱ्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, जणू टॉवरवर चढायच्या आधीची शांतता. आवाज स्वच्छ आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"बाबा, मघाशी कट झाला ना सारखा? अहो मी ट्रेनमध्ये आहे. आत्ता स्टेशनात थांबलीय म्हणून लागला. सुटली की परत जाईल, तर पटकन सांगते, गोळ्या..."

पुढचं आलं नाही. काकांच्या स्क्रीनवर दांड्या चार होत्या. आम्ही सगळ्यांनी हेरकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "गाडी वेळेवर सुटली, तेवढं तरी बघा."