कुलूप नको, राखणदार हवा

वाचून झालेली पुस्तकं बागेत, बसथांब्यावर, स्टेशनात उघड्या कपाटात ठेवावीत, ज्याला हवं त्याने न्यावं, असं कुणी सुचवलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: चोरीला गेली तर? मग कुलूप येतं, नोंदवही येते, अनामत येते. 2017 साली सुरू झालेलं भिलारचं पुस्तकांचं गाव सुंदरच आहे, पण तिथे पुस्तक जागेवर बसून वाचायचं असतं. अनोळखी माणसाच्या हाती ते कायमचं सोडून देणं ही वेगळी गोष्ट आहे.

जर्मनीत अशी कपाटं गावोगाव दिसतात. क्लेग आणि गुटमन या कलावंतांनी 1991 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झला आणि 1993 मध्ये हाम्बुर्गला हा प्रयोग केला होता. अमेरिकेतल्या हडसन गावी टॉड बोल यांनी 2009 मध्ये उभारलेल्या छोट्या पेटीतून लिटल फ्री लायब्ररी ही मोफत पुस्तकपेट्यांची चळवळ वाढली. इथे जर्मनीत राहून एक गोष्ट पक्की कळते: कपाट मरतं ते रिकामं झाल्यामुळे नव्हे, तुंबल्यामुळे. जुन्या संगणकाची माहितीपुस्तकं, कालबाह्य प्रवासमार्गदर्शकं, ज्ञानकोशाचा एखादाच खंड कुणी नेत नाही. त्यांची दुहेरी रांग लागते, चांगली पुस्तकं मागे दबतात आणि लोक दार उघडेनासे होतात.

म्हणून इथे बऱ्याच कपाटांना नेमलेला राखणदार असतो. त्याला ‘पाटे’ म्हणतात. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्या धर्मपालकासाठीचाच हा शब्द. आठवड्यातून एक फेरी पुरते. एक तृतीयांश जागा मोकळी ठेवायची. शेवटच्या पानावर पेन्सिलीने महिना लिहायचा. तीन महिने हललं नाही ते पुस्तक दुसऱ्या कपाटात, नाहीतर सरळ रद्दीत. रद्दीत टाकताना हात अडखळतो, पण टाकायलाच हवं. बुरशीचा वास येणारं पुस्तक आत घ्यायचंच नाही. कसर असल्याची शंका आली तर पिशवीतली हवा काढून, तोंड घट्ट बांधून उणे 18 अंशांत किमान दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

पेटी 18 मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची करावी. छप्पर उतरतं आणि दाराच्या पुढे 10 सेंटीमीटर आलेलं, खिडकीला काचेऐवजी पॉलिकार्बोनेट, दाराला रबरी पट्टी. पण हवाबंद पेटीत बुरशी हमखास धरते, म्हणून दोन्ही बाजूंना जाळी लावलेली भोकं हवीत. जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून चार बोटं दूर, म्हणजे ओल आणि वाळवी टळते. पावसाळा मोठा असेल तर पेटी पोर्चखाली किंवा जिन्याशीच बरी.

परवानगीची अडचण अमेरिकेतही येते. 2014 मध्ये कॅन्ससमधल्या लीवूडमध्ये नऊ वर्षांच्या मुलाची घरासमोरची पेटी नगरपालिकेच्या नियमाने हटवावी लागली. नंतर नियमच बदलला. पदपथावर उभारायची तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

राहिली चोरी. कुणी खरंच गठ्ठाच्या गठ्ठा उचलून विकायला नेतं. त्यावर उपाय म्हणजे पुस्तकाच्या कडेवर आणि पहिल्या पानावर ‘मोफत, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारणं आणि एका वेळी पंधरा-वीसच पुस्तकं बाहेर ठेवणं. नोंदच हवी असेल तर 2001 पासून चालणाऱ्या बुकक्रॉसिंगची रीत घ्यावी: प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, आणि ते कुठे पोचलं हे कळवायचं की नाही, हे नेणाऱ्याच्या मर्जीवर.