अमेरिकेत म्हातारपणाची सोय कशी लावावी

पहिली खबरदारी: मधल्या वयाचे कामगार होऊ नका. 1963च्या डिसेंबरात स्टुडबेकर कंपनीने इंडियानातल्या साउथ बेंडचा मोटार कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. साठी गाठलेल्यांना पेन्शन मिळालं. चाळीस ते साठच्या मधल्या चार हजारांवर लोकांच्या हातावर हक्काच्या डॉलरमागे साधारण 15 सेंट टेकवले. चाळिशीच्या आतल्यांना तेवढेही नाहीत, पण ते तरुण होते, त्यांचं काय एवढं! यावर 1974 साली पेन्शनच्या रक्षणाचा कायदा झाला. बहुतेक खासगी कंपन्यांनी तो इतका मनावर घेतला की हळूहळू पेन्शन देणंच सोडलं.

त्याऐवजी फोर-ओ-वन-के आणि आयआरए अशी, म्हातारपणासाठी स्वतःच बचत करायची खाती आली. पैसे तुमचे, जोखीमही तुमची. रडत बसू नका, उद्योजक पीटर थील यांच्याकडून शिका. मध्यमवर्गीयांनी उतारवयासाठी चार पैसे बाजूला टाकावेत म्हणून काढलेलं रॉथ आयआरए खातं त्यांनीही उघडलं. 1999 साली त्यात आपल्याच नव्या कंपनीचे, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या पुढच्या पेपॅलचे, 17 लाख शेअर घेतले. भाव, एका डॉलरला हजार शेअर. एकूण खर्च 1,700 डॉलर. वीस वर्षांनी खात्यात पाच अब्ज डॉलर होते, असं प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने 2021 साली छापलं. वयाची साडेएकोणसाठ वर्षं भरली की त्यातला पैसा करमुक्त. तुमच्याकडे 1,700 डॉलर आहेत ना? मग अडलंय कुठे?

कायमची नोकरी हवी असेल तर सर्वोच्च न्यायालय उत्तम. वर्तन चांगलं असेल तोवर कुणी काढत नाही, आणि पासष्टीला 15 वर्षं सेवा झालेली असली की घरी बसून पूर्ण पगार, मरेपर्यंत. 2025 साली तिथल्या नऊपैकी आठ न्यायमूर्ती हार्वर्ड किंवा येलच्या लॉ स्कूलमधले होते. हार्वर्डच्या कॉलेजात वडील शिकलेले असले तर प्रवेशाला हातभार लागतो, तेव्हा आधी वडिलांना पाठवा.

तेही जमत नसेल तर सीईओ व्हा. बोइंगची दोन 737 मॅक्स विमानं कोसळून 346 माणसं गेली. सीईओ डेनिस म्युलेनबर्ग यांना पद सोडावं लागलं आणि जाताना सुमारे 6 कोटी 20 लाख डॉलर घ्यावे लागले. नोकरी गेल्याची वेगळी भरपाई मात्र कंपनीने दिली नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

आता आपली पुण्या-नाशिकची मुलं. त्यांच्यासाठी एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस, नाहीतर गाशा गुंडाळा. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेला, पगाराचे 6.2 टक्के कापले जातात. ज्यांचा वर्षाचा पगार दहा लाख डॉलर, त्यांची ही कटकट 2025 साली मार्चच्या पहिल्या आठवड्यातच मिटली, कारण त्या साली 1,76,100 डॉलरच्या वर कापतच नव्हते. तुमची कापणी डिसेंबरपर्यंत. सहा वर्षांनी परतलात तर हातात शून्य, कारण पेन्शनला साधारण दहा वर्षांची भरती लागते आणि भारताशी याबाबत करार नाही. पण अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची काळजी कुणीतरी वाहायला हवीच ना. तुमचे आईबाबा काय, कोथरूडला आहेतच. रविवारी व्हिडिओ कॉल करा.