थांबायचे पैसे

परवा आईला फोन केला तर पहिलंच वाक्य, "म्हैस निम्म्यावर आली बघ दुधाला."

एप्रिल उजाडला की आमच्या घरात हे वाक्य येतंच. साखर कारखाने बंद झाले की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बंद. भाताच्या पिंजाराची गंजी तोवर कमरेएवढी उरलेली. हिरवी वैरण म्हणजे विहिरीकडेचा चार गुंठे नेपिअर गवत, तोही उन्हानं पिवळा. त्यात म्हैस काळी, तिला घाम गाईपेक्षाही कमी. दुपारी पत्र्याखाली ती धापा टाकत उभी राहते, खात नाही. माजावर येते ते कळतसुद्धा नाही. मुका माज म्हणतात त्याला, गवळ्याच्या घरात हा शब्द लहान पोराला पण माहीत असतो. माज एकदा हुकला की एकवीस दिवस गेले, दोनदा हुकला की दीड महिना गेला, आणि तेवढे दिवस भाकड म्हैस फुकट पोसायची.

म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी मी शहाणपणा करायला गेलो. आमचं पन्हाळ्याच्या पश्चिमेला पाऊण एकर मुरमाड माळरान आहे. गवताशिवाय तिथं काही येत नाही. तिथं झाडं, मधे गवत, आणि झाडं मोठी झाली की खाली जनावरं, असा बेत केला. जगभर याला सिल्व्होपाश्चर म्हणतात, आपल्याकडं वनकुरण. नाव नवीन असेल, गोष्ट नाही. आमच्या आजोळी पानमळा होता. त्यात शेवरी, हादगा, पांगारा आधाराला आणि सावलीला लावलेला, पाला शेरडांना आणि हादग्याच्या फुलांची भाजी घरात. आजोबांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

मी १२० रोपं लावली. शेवरी, हादगा, सुबाभूळ, कडेनं थोडी शिवण. आज जिवंत आहेत ४१.

बाकीची कुठं गेली ते सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे. पंधरा-वीस शेजारच्या शेरडांनी खाल्ली, त्यात शेरडांचा काही दोष नाही. काही आम्हीच मारली: श्रावणात गवत गुडघ्याच्या वर गेलं आणि कापणाऱ्या बायकांच्या विळ्याखाली गवताबरोबर रोपंही गेली. आणि फेब्रुवारीत वरच्या डोंगराला वणवा लागला, तो एका रात्रीत वरची ओळ घेऊन गेला. दरवर्षी कोण पेटवतं ते गावाला माहीत असतं, पण कुणी बोलत नाही.

रोपांना अनुदान मिळतं का म्हणून एका कार्यालयात चार हेलपाटे घातले. तिथल्या साहेबांनी शेवटी सांगितलं, "आंबा लावा की, आंब्याला आहे." आता आंबा म्हशीला घालू काय?

पण ते अगदी चूक बोलत नव्हते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ पासून आहे. तिच्यात पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळतात, आणि पुढचा हप्ता झाडं जगली तरच. म्हणजे थांबण्याचे, झाड हाताशी येईपर्यंतच्या वर्षांचे, पैसे टप्प्यानं कसे द्यायचे हे सरकारला चांगलं कळतं. फक्त यादी फळझाडांची आहे, वैरणीची झाडं त्यात बसत नाहीत. राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण २०१४ मध्येच झालं, असं धोरण करणारा भारत जगातला पहिला देश. आणि पोकरा, म्हणजे हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा तो मोठा प्रकल्प, २०१८ ला सुरू झाला तो मराठवाडा, विदर्भ, जळगाव या भागांत. कोल्हापूर त्यात नव्हतं. आम्ही पाणीदार ना! २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४३. शिरोळची जनावरं पाण्यातून काढली तेव्हा वैरण बाहेरून ट्रकनं आली. २०२१ ला पुन्हा तेच. अडचण पाण्याच्या कमीचीच असते असं कुणी ठरवलं?

आता उसाचा हिशोब बघा. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, टनाला ३,५५० रुपये. ठिबकला अनुदान, सोसायटीचं पीककर्ज उसावर. ऊस लावणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळी व्यवस्था धरून ठेवते. आणि झाड लावणाऱ्याला? पहिली दोन-तीन वर्षं रानात जनावर सोडायचं नाही, म्हणजे तेवढी वैरण विकत. कुंपण स्वतःचं. राखण स्वतःची. त्यात शिवणीसारखं लाकडाचं झाड लावलं की घरातला म्हातारा विचारतो, "उद्या तोडताना परवानगी कुणाची आणायची?" वृक्षतोडीचा कायदा १९६४ चा आहे आणि त्याची भीती कायद्यापेक्षा मोठी आहे. बांबू २०१७ ला 'झाड' या व्याख्येतून सुटला, तेव्हा कुठं लोक बांधावर बांबू लावायला धजले.

बाहेर काय करतात ते वाचत बसलो होतो. अमेरिकेत 'इक्विप' नावाच्या योजनेत सिल्व्होपाश्चर ही चक्क ३८१ क्रमांकाची बाब आहे, शेतकऱ्याच्या खर्चातला वाटा सरकार देतं. पण मला पटलं ते कोलंबिया, कोस्टा रिका आणि निकाराग्वातलं. २००२ च्या सुमाराला तिथं एक प्रयोग झाला. रानाला गुण द्यायचे: उजाड कुरणाला शून्य, जुन्या जंगलाला दोन, मधे झाडांच्या दाटीप्रमाणे. जेवढे गुण वाढतील तेवढे पैसे, गुणाला वर्षाला ७५ डॉलर, चार वर्षं. नंतर बंद. बंद का? कारण तोवर पाला आणि सावली स्वतःच दूध देऊ लागते. पैसे लागतात ते मधल्या खड्ड्यापुरते. माझी ४१ झाडं बघून मला हे अगदी पटतं. ज्या हादग्यानं दुसरा उन्हाळा काढला, त्याचा पाला यंदा आई तोडायला लागली. (सुबाभूळ बेतानंच घाला, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. त्यात मिमोसिन हे जनावराला बाधणारं द्रव्य असतं.)

मग आपल्याकडं हे कुणी करायचं? माझं म्हणणं, नवीन खातं नको, नवीन ॲप तर नकोच. कोल्हापुरात गावोगाव दूध संस्था आहे. दर दहा दिवसांनी बिल होतं, दिवाळीला दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम, जमा होतो. त्या फरकाच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवा: जिवंत झाडं इतकी, रक्कम इतकी. चार वर्षं. पैसे सरकारचे, वाटप संस्थेचं. मोजणी संस्थेच्या माणसानं करायची. लबाडी होईल म्हणाल, तर कुणाच्या दुधात किती पाणी असतं हे ज्या गावाला माहीत असतं त्या गावात झाडांचा आकडा लपणार आहे काय?

कार्बन क्रेडिटवाले पण येऊन गेले गावात. एक क्रेडिट म्हणजे हवेतून कमी केलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. माझ्या पाऊण एकरात ते मोजायला माणूस येणार, त्याचा खर्च जास्त. संस्थेनं सगळ्या गावाची झाडं एकत्र धरली तर बघू, एकट्यादुकट्यानं कागदावर सही करू नये.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. सातबारा बापाच्या नावावर, संस्थेचं खातं बऱ्याच घरांत बापाचंच, आणि पाला तोडून भारा आणणारी आई. फरकात झाडांचे पैसे आले तरी ते कुणाच्या हातात पडणार? आणि ज्याला रानच नाही, नुसती दोन शेरडं आहेत, त्याची शेरडं तर मी काठीनं हाकलतोय. गायरानात त्याच्यासाठी काही केल्याशिवाय माझं कुंपण टिकणार नाही, हेही खरं.

यंदा संस्थेच्या वार्षिक सभेत विषय मांडणार आहे. तात्या म्हणाले, "मांड की. चहा हुईस्तोवर ऐकत्यात लोक."

तोवर एक विचारायचंय. आजरा, चंदगड, भुदरगडकडं कुणी असं रान टिकवलं असेल तर कुंपण कशाचं केलंत ते सांगा. तारेचा भाव मी काढलाय, झेपणारा नाही. निवडुंगही सांगू नका, तो आईनं आधीच एकदा उपटून टाकलाय.