'आपला' आणि 'जगाचा' इतिहास वेगळा काढता येतो का?

शालेय पाठ्यपुस्तके बदलली की महाराष्ट्रात एक वाद हमखास पेटतो. फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती आणि दोन महायुद्धे यांना किती पाने द्यायची, आणि तीच पाने आपल्या इतिहासाला का द्यायची नाहीत, असा तो वाद असतो. बेल्जियममध्ये राहून तो वाचताना मला दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच दिसते: आधुनिक काळातही 'आपला' आणि 'जगाचा' असे दोन इतिहास सुटे काढता येतात. मला ते मुळीच पटत नाही.

इथेही हा वाद आहे, फक्त त्याचे नाव काँगो आहे. 1885 ते 1908 या काळात तो अवाढव्य प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता, आणि रबराचा ठरवून दिलेला वाटा न भरणाऱ्या गावांवर सैनिक सोडले जात. तरीही 'तो काँगोचा इतिहास, आमचा नव्हे' असे म्हणणारे आजही भेटतात. ब्रुसेल्सजवळ तेर्व्युरेन इथे 1897 च्या प्रदर्शनात 267 काँगोली माणसे लोकांना पाहण्यासाठी आणून ठेवली होती. त्यांतले सात जण इथेच दगावले आणि चर्चच्या आवारात त्यांच्या कबरी आहेत. तिथल्या आफ्रिका संग्रहालयाच्या एका दालनात काँगोत मृत्यू पावलेल्या दीड हजार बेल्जियन लोकांची नावे भिंतीवर आहेत. फ्रेडी त्सिम्बा या काँगोली कलाकाराने बेल्जियममध्ये मेलेल्या काँगोलींची नावे खिडकीच्या काचांवर लिहिली. ऊन आले की त्या नावांची सावली भिंतीवरच्या नावांवर पडते. दोन्ही देशांचा इतिहास एकच आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा धडा मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

आपल्याकडे असा धडा लिहिता येणार नाही का? 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडची बंदरे नाकेबंदीत अडकली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले. त्या तेजीत पैसा खेळू लागला, शेतकऱ्याला कर्जही सहज मिळू लागले. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज आटले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. या दंग्यांचे हे एकमेव कारण नव्हते, पण लिंकनचे युद्ध एका पुस्तकात आणि सुप्याचा उठाव दुसऱ्या पुस्तकात टाकला, की मुलांना दोन्हींचा अर्थ अर्धाच कळतो.

युरोपच्या पानांसाठी भांडणाऱ्यांनाही माझा प्रश्न आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या 1789 च्या समतेच्या घोषणेवर पाने खर्च करताना हैती ही तेव्हाची फ्रेंच वसाहत कुठे असते? तिथल्या गुलामांनी 1791 मध्ये फ्रेंच मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला, 1804 मध्ये स्वातंत्र्य मिळवले, आणि त्या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी फ्रान्सने 1825 मध्ये त्यांच्याकडेच 15 कोटी फ्रँक मागितले. या मजकुराला दोन परिच्छेद पुरतात. त्यासाठी राजांच्या आणि तहांच्या काही सनावळ्या वगळाव्या लागल्या, तर त्या खुशाल वगळाव्यात.