ल्यूटला स्टीलच्या तारा लावू नका, आणि तो व्हिडिओ पुढे पाठवू नका

"खरं स्कॉटिश संगीत म्हणजे फक्त बॅगपाइप, ल्यूटवर जे वाजवतात ते हल्ली तयार केलेलं" असं सांगणारा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. (ल्यूट म्हणजे गिटारसारखं छेडून वाजवायचं जुनं युरोपी तंतुवाद्य.) ग्लासगोला शिकणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत तो पोचला आणि पठ्ठ्याने नव्या ल्यूटसाठी थेट स्टीलच्या तारा मागवल्या, म्हणून लिहायला बसलो.

आधी तारांचंच, कारण त्यात वाद्य जातं. व्हिडिओत म्हटलंय की जुन्या स्कॉटिश हार्पला धातूच्या तारा होत्या, मग ल्यूटलाही त्याच लावा, ओरिजिनल आवाज येईल. अर्धी गोष्ट खरी आहे, मान्य, हायलँड्समधल्या जुन्या हार्पला पितळी तारा असायच्या. पण त्या हार्पची पेटी अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेली असते, आणि ल्यूटची तबली, म्हणजे वरची फळी, दीड-दोन मिलिमीटर जाड, आणि तारा बांधायची घोडी तिच्यावर नुसती सरसाने चिकटवलेली! गिटारची एक स्टीलची तार दहाएक किलोने ओढते, ल्यूटची तीन-चार किलोने. घोडी उखडून येईल हो. शिवाय पडदे सितारसारखे बांधलेले, आणि तेही तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोऱ्याचे, स्टीलने ते कापले जातात. तारांसाठी तात परवडत नसेल तर नायलॉन लावा. धातूच हवा असेल तर सिटर्न घ्या, ते त्याच काळातलं आणि धातूच्याच तारांचं वाद्य आहे.

दुसरा दावा, "जुनं काही लिहिलेलंच नाही." एडिंबराच्या नॅशनल लायब्ररीत स्कीन हस्तलिखित आहे, 17व्या शतकाच्या पूर्वार्धातलं, मँडोरसाठी लिहिलेलं, म्हणजे ल्यूटच्याच घराण्यातलं छोटं वाद्य. 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' ही 1513 च्या फ्लॉडनच्या लढाईत पडलेल्यांच्या शोकाची धून, जी आज अंत्यविधीला बॅगपाइपवर वाजते, तिची आपल्याला माहीत असलेली सगळ्यात जुनी लिखित नोंद याच वहीत आहे. व्हिडिओवाल्यांनो, बॅगपाइपची म्हणून जी धून तुम्ही पुरावा म्हणून दाखवता तीच छेडून वाजवायच्या वाद्यासाठी लिहिलेली सापडते, यावर काय म्हणणार? स्ट्रालॉकची 1627-29 ची ल्यूटची वही हरवली, पण 1839 ची नक्कल शिल्लक आहे. 1700 च्या आसपासच्या बाल्कारेस वहीत तर फिडलच्या धुना ल्यूटवर बसवलेल्या आहेत.

हां, ल्यूट श्रीमंत घरांतलं वाद्य होतं आणि या वह्यांमध्ये फ्रेंच तुकडेही बरेच आहेत. काही ठिकाणी फक्त चाल आणि दोन-चार खर्जाचे सूर दिलेत, बाकी वाजवणाऱ्याने भरायचं. पण चाल लिहिलेली आहे, ती कुणी मनाने रचलेली नाही.

"ल्यूट इंग्रजांनी लादलं" हे तर सोडाच, स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या दरबारी हिशोबात ल्यूटवाल्यांना दिलेले पैसे नोंदलेत, आणि तो राजा 1513 लाच गेला, इंग्लंड-स्कॉटलंडचे मुकुट एकत्र आले ते 1603 ला.

राहिलं "गिटारवर वाजवणं म्हणजे संगीत भ्रष्ट करणं". गिटारची तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवा, रेनेसाँ ल्यूटची अंतरं जशीच्या तशी मिळतात आणि त्या ट्यूनिंगमधली जुनी टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची हे अक्षरांनी दाखवणारी लेखनपद्धत, थेट वाचता येते, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा. ल्यूट नसेल तर खुशाल तिथून सुरू करा.