जहाजं परत आणणाऱ्याचं नाव घ्या

आज सिकंदरावरचं एक व्याख्यान ऐकून आले आणि डोकं फिरलंय. झेलमची लढाई, पोरस, हत्ती, सगळं साग्रसंगीत. आणि शेवटी एकच वाक्य: 'मग तो परत गेला.' अहो, गेला कसा? आरमार कुणी नेलं? निआर्कसचं नावसुद्धा नाही!

क्रीट बेटावरचा हा माणूस सिकंदराचा तरुणपणापासूनचा मित्र. त्या मैत्रीपायी सिकंदराच्या वडिलांनी, फिलिप राजाने, त्याला हद्दपारही केलं होतं. इ.स.पू. 325 मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातात जहाजं न्यायची होती, अनोळखी किनाऱ्याने. सुरुवातीलाच मोसमी वारा समोरून. 24 दिवस एका बंदरात अडकून पडले. पुढे मकरानच्या (आजच्या पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्यावर ना धड पाणी, ना धान्य. एके सकाळी समुद्रातून पाण्याचे फवारे उडाले, देवमासे! खलाशांच्या हातातली वल्ही गळून पडली. निआर्कसने लढाईत वळवावीत तशी जहाजं वळवली, रणशिंगं फुंकायला लावली, आरडाओरडा करत थेट त्यांच्या अंगावर घातली. देवमासे बुडी मारून मागच्या बाजूला निघाले.

आमचे मोठे काका मालवाहू जहाजावर होते. एकदा मोठ्या सफरीवरून आले तर आजीने दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" दाढी वाढलेली, अंगाची रया गेलेली. आवाज ऐकला तेव्हा कुठे ओळख पटली. कर्मानियात, म्हणजे दक्षिण इराणात, निआर्कसचं अगदी हेच झालं. त्यालाच शोधायला निघालेली माणसं त्याला ओळखू शकली नाहीत, इतके केस मिठाने माखलेले. सिकंदर त्याचा हात धरून रडला. त्याला वाटलं, एवढेच वाचले, बाकी सगळं बुडालं. जहाजं शाबूत आहेत हे कळल्यावर म्हणाला, आशिया जिंकल्यापेक्षा हा आनंद मोठा.

मान्य, हे सगळं निआर्कसनेच लिहून ठेवलेलं, स्वतःची बाजू उजळ करून. वाटेत किनाऱ्यावरच्या गरिबांचं धान्य लुबाडलं, तेही मान्य. पण राजा स्वतः जेड्रोशियाच्या (मकरानच्याच) वाळवंटात माणसं तहानेने मारत होता, तेव्हा याने आरमार सुखरूप आणलं!

आणि मग उरलेली सोपी वाट दुसऱ्याला द्यायचा राजाचा विचार. निआर्कस अडून बसला. कष्ट माझे आणि नाव दुसऱ्याचं, हे चालणार नाही. वाचताना मला काकाच आठवतात. त्यांच्या कंपनीच्या समारंभात मालकांचे हार आणि भाषणं, जहाज आणणाऱ्यांचा उल्लेखही नाही. काका काही बोलले नाहीत, गप्प जेवून आले. आजीला मात्र फार लागलं होतं ते.

निआर्कस बोलला, म्हणून आखाताच्या टोकापर्यंत तोच गेला आणि इराणमधल्या सुसा शहरात सोन्याचा मुकुटही त्याला मिळाला. पुढे अरबस्तानची मोहीम त्याच्याकडेच होती, पण इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलोनला सिकंदरच वारला. वारस म्हणून सिकंदराला बार्सिनीपासून झालेल्या मुलाचं नाव निआर्कसने सुचवलं, ते कुणी ऐकलं नाही. नंतर तो सिकंदराचा सेनापती अँटिगोनस याच्या पदरी राहिला. त्याचं मूळ लिखाण हरवलं. एरियन या ग्रीक इतिहासकाराने चारशेहून जास्त वर्षांनी 'इंडिका' या ग्रंथात त्यातलं घेतलं, मुख्यतः तेच आपल्या हाती. शाळेच्या इतिहासात सिकंदराला पानं देता, यातल्या चार ओळी द्यायला काय जातं?