डी-पॅडचं नावच नाही?

"दीड हजाराच्या आतले सगळे कंट्रोलर सारखेच, वायरलेस बघून घ्या" हे स्वस्त गेम कंट्रोलरवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. इम्युलेटरवर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) जुने टूडी गेम खेळणाऱ्याचा सगळा खेळ डी-पॅडवर, म्हणजे डावीकडच्या चार दिशांच्या बटणावर असतो आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही. परभणीत मी असाच एक स्वस्तातला वायरलेस घेतला होता. उजवीकडे दाबून धरलं आणि अंगठा जरासा हलला की तिरकी दिशा लागायची, पळता पळता गडी मधेच खाली बसायचा. फायटिंग गेममध्ये तर पाव गोल फिरवायची चाल दहातून दोनदा लागली तर नशीब. घेण्याआधी दुकानातच लॅपटॉपला जोडा, विंडोजच्या रनमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' (joy.cpl) टाका, कंट्रोलर तपासायची खिडकी उघडते, आणि उजवं दाबून अंगठा मुद्दाम डोलवून बघा. दोन मिनिटांत कळतं.

आणि खोक्यावर एक्सइनपुट (विंडोज गेमनी कंट्रोलर ओळखायची नवी पद्धत) लिहिलंय का तेही बघा. नुसतं डायरेक्टइनपुट, म्हणजे जुनी पद्धत असेल तर इम्युलेटर सांभाळून घेतो, पण बरेच नवे गेम कंट्रोलर ओळखतच नाहीत. आता मी वायरचाच वापरतो, हॉल इफेक्ट स्टिकवाला. चुंबकावर चालतो, आत घासणारी पट्टी नाही, त्यामुळे झिजून ड्रिफ्ट व्हायची (हात न लावता स्टिक आपोआप हलल्यासारखी वागायची) भीती कमी. चार्जिंगचीही कटकट नाही.